परवानगीने घरफोडी

मराठी वर्तमानपत्रांत ‘हॅकर’ हा शब्द येतो तो बहुधा गुन्ह्याच्या बातमीत. त्याला ‘एथिकल’ हे विशेषण लावले की ‘प्रामाणिक दरोडेखोर’ म्हटल्यासारखे वाटते. तरीही या नावाचे रीतसर शिक्षण आहे, परीक्षा आहे, प्रमाणपत्र आहे आणि त्याचे वर्ग आता मोठ्या शहरांपुरतेही राहिलेले नाहीत. संगणकशास्त्राची पदवी माझ्याजवळ नाही. पन्नाशी ओलांडल्यावर कुतूहलापोटी हा विषय मी पुस्तकांतून आणि घरच्या यंत्रावर शिकू लागलो. पुढे पुण्यातल्या एका खासगी वर्गातही काही महिने बसलो. या शिक्षणात काय शिकवतात, कशासाठी शिकवतात आणि प्रमाणपत्र मिळाले म्हणजे नेमके काय मिळते, याची मांडणी येथे करतो. माझे म्हणणे थोडक्यात असे: कुलूप उघडण्याची विद्या हा या शिक्षणाचा सोपा भाग आहे. परवानगी, मर्यादा आणि अहवाल हा अवघड भाग, आणि मी पाहिले त्यात तोच सर्वांत घाईने उरकला जातो.

शब्द आणि पेशा

‘हॅक’ हा शब्द आजच्या अर्थाच्या जवळ आला तो अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत. तिथे खेळण्यातल्या आगगाड्यांचा एक क्लब होता. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्या क्लबातली मुले अडलेले काम अनपेक्षित, चलाख रीतीने करण्याला ‘हॅक’ म्हणत. त्यात चोरीचा वास नव्हता. १९८३ साली ‘वॉरगेम्स’ हा चित्रपट आला, त्याच वर्षी मिलवॉकी शहरातल्या काही मुलांनी नामांकित संस्थांच्या संगणकांत शिरकाव केल्याचे उघड झाले आणि शब्दाला गुन्ह्याचा रंग चढला.

आपल्याच यंत्रणेवर आपणच हल्ला करवून पाहण्याची कल्पना मात्र त्याआधीची. पॉल कार्गर आणि रॉजर शेल यांनी अमेरिकी हवाई दलासाठी ‘मल्टिक्स’ या प्रणालीची अशी तपासणी केली, तिचा अहवाल १९७४ चा आहे. १९९३ मध्ये डॅन फार्मर आणि वित्से वेनेमा यांनी, आपली यंत्रणा सुरक्षित करायची तर ती आधी फोडून पाहा, असे सांगणारा लेख प्रसिद्ध केला. आयबीएममधल्या चार्ल्स पामर यांचा ‘एथिकल हॅकिंग’ याच नावाचा लेख २००१ सालचा. पामर यांच्या मते अशा तपासणीने तीन प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात. घुसखोराला आत काय दिसू शकते? जे दिसेल त्याचे तो काय करू शकतो? आणि त्याचा प्रयत्न कुणाच्या लक्षात येतो का?

यातला तिसरा प्रश्न किती मोलाचा आहे हे पुण्याला २०१८ मध्ये कळले. त्या वर्षी ११ ऑगस्टला कॉसमॉस बँकेच्या एटीएम व्यवहारांच्या यंत्रणेत घुसखोरी झाली. बनावट कार्डांनी केलेल्या मागण्या खऱ्या यंत्रणेपर्यंत पोहोचण्याआधीच मंजूर होत गेल्या आणि काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये निघाले. दोनच दिवसांनी, १३ ऑगस्टला, ‘स्विफ्ट’ या आंतरराष्ट्रीय निरोपव्यवस्थेतून आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण आकडा ९४ कोटींच्या घरातला. सहकारी बँकेत पैसे ठेवणाऱ्या सामान्य माणसाचा या विषयाशी संबंध काय, असे कुणी विचारले तर मी हे उदाहरण देतो.

प्रयोगशाळेत काय घडते

‘सर्टिफाइड एथिकल हॅकर’ हे प्रमाणपत्र ईसी-कौन्सिल ही अमेरिकी संस्था २००३ पासून देते. तिच्या अभ्यासक्रमात हल्ल्याच्या पाच पायऱ्या सांगितल्या आहेत: टेहळणी, चाचपणी, प्रवेश, आत टिकून राहणे आणि माग पुसणे.

सराव करायचा तो दुसऱ्याच्या यंत्रावर नव्हे. एकाच संगणकात व्हर्च्युअलबॉक्ससारख्या साधनाने दोन आभासी संगणक उभे करतात. एकावर हल्ल्याची आयुधे असलेली ‘काली लिनक्स’, दुसऱ्यावर ‘मेटास्प्लॉइटेबल’, म्हणजे मुद्दाम दोष ठेवून बनवलेली प्रणाली. दोघांचे जाळे बाहेरच्या इंटरनेटपासून तोडलेले असते. आखाड्यातली माती आखाड्यातच राहावी, तशी ही व्यवस्था.

चाचपणीचे उदाहरण घेऊ. जाळ्यावरचा प्रत्येक संगणक म्हणजे एक अवाढव्य वाडा समजा. त्याला ‘पोर्ट’ नावाचे ६५,५३६ क्रमांकित दरवाजे असतात. ८० आणि ४४३ या क्रमांकांवर संकेतस्थळाचा कारभार चालतो, २२ वर दुरून यंत्र चालवण्याचा. बाकीचे बहुतेक बंद असतात, किंवा असायला हवेत. ‘एनमॅप’ हे १९९७ पासूनचे साधन प्रत्येक दरवाज्यावर टकटक करते. संगणकांच्या शिष्टाचारानुसार संभाषण तीन पावलांत सुरू होते: मी बोलू का, हो बोला, ठीक आहे बोलतो. एनमॅप दुसऱ्या पावलाचे उत्तर ऐकते आणि तिसरे पाऊल न टाकताच निघून जाऊ शकते. दार उघडे आहे एवढे कळले, काम झाले.

प्रवेशाचा सर्वांत बोधप्रद प्रकार म्हणजे ‘एसक्यूएल इंजेक्शन’. ग्रंथालयात आपण चिठ्ठीवर पुस्तकाचे नाव लिहून देतो आणि शिपाई ते कपाटातून आणून देतो. समजा एखाद्याने लिहिले, ‘अमुक कादंबरी; आणि सोबत सर्व सभासदांच्या पत्त्यांची वही’. शिपाई शहाणा असेल तर हसेल. पण चिठ्ठीवर असेल ते आणायचे एवढेच त्याला शिकवले असेल, तर तो वहीसुद्धा आणून देईल. संकेतस्थळावरच्या नावाच्या रकान्यात नावाऐवजी माहितीकोशाला द्यायची आज्ञा लिहिली की नेमके हेच होते. उपायही साधा आहे: आलेला मजकूर आणि द्यायची आज्ञा यांची गल्लत होणार नाही अशा रीतीने प्रोग्रॅम लिहायचा. हा दोष १९९८ पासून जाहीरपणे लिहिला-बोलला गेला आहे आणि अजूनही सापडतो. कारण तांत्रिक कमी, मानवी जास्त. घाईने केलेले काम आणि ‘चालतंय ना, मग हात लावू नका’ ही वृत्ती.

पाचव्या पायरीपाशी चोर आणि परीक्षक यांच्या वाटा वेगळ्या होतात. माग कसा पुसतात हे परीक्षकालाही शिकावे लागते, पण स्वतः काम करताना त्याने उलट वागायचे असते. कोणत्या वेळी कोणती आज्ञा दिली, काय उत्तर आले, कोणती माहिती दिसली आणि कोणती उघडून पाहिली नाही, याची नोंद त्याने मिनिटामिनिटाला ठेवायची.

हे शिकवावे का?

पालक हा प्रश्न विचारतात आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर कुलपांच्या इतिहासात सापडते. लंडनच्या पिकॅडिलीतल्या ब्रामा यांच्या दुकानात १७९० पासून एक कुलूप मांडलेले होते आणि ते किल्लीशिवाय उघडणाऱ्याला २०० गिनी बक्षीस जाहीर होते. १८५१ च्या जागतिक प्रदर्शनासाठी आलेल्या आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकी कारागिराने आधी ‘चब’ कंपनीचे प्रख्यात कुलूप उघडले आणि मग पंचांच्या देखरेखीखाली, १६ दिवसांत मिळून ५१ तास खर्चून, ब्रामाचेही उघडले. कुलपांची गुपिते अशी चव्हाट्यावर आणावीत का, यावर तेव्हाही वाद झाला. हॉब्ज यांच्या बाजूचा युक्तिवाद असा, की चोर आपल्या धंद्यात आधीच तरबेज असतात. अज्ञानात राहतो तो कुलूप विकत घेणारा. पावणेदोनशे वर्षांनंतरही याहून चांगले उत्तर माझ्या वाचनात नाही.

पण हॉब्जच्या गोष्टीतले पंच विसरून चालणार नाही. त्याच्यापाशी मालकाचे आव्हान होते, ठरलेली मुदत होती, साक्षीदार होते. आपल्याकडे रायगडाची आख्यायिका हेच सांगते. गड बांधून झाल्यावर शिवाजी महाराजांनी जाहीर केले, की नेहमीची वाट सोडून, दोर किंवा शिडी न लावता जो वर येईल त्याला होनांची थैली आणि सोन्याचे कडे मिळेल. एक जण निशाण घेऊन वर आला. त्याला बक्षीस मिळाले आणि ती वाट बंद करण्याचा हुकूम सुटला. मोठ्या कंपन्या आज दोष दाखवणाऱ्यांसाठी ‘बग बाउंटी’ जाहीर करतात, तिचे याहून नेमके वर्णन मला करता येणार नाही. हिरकणीची आख्यायिका मात्र वेगळी आहे. ती कडा उतरली ती कुणाला न विचारता, घरी ठेवलेल्या तान्ह्या बाळासाठी. महाराजांनी तिला शिक्षा केली नाही. तिचा सन्मान केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधला. पहिल्या गोष्टीतल्या माणसाला आजचा कायदा ओळखतो. हिरकणीचे काय करायचे, हे त्याला अजून नीट ठरवता आलेले नाही.

कायद्याची रेघ

माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, याचे कलम ४३ सगळा भर एकाच शब्दसमूहावर देते: मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीशिवाय. परवानगीशिवाय यंत्रणेत प्रवेश केला की नुकसानभरपाईची जबाबदारी येऊ शकते. तुमचा हेतू काय होता, हा प्रश्न तिथे येत नाही. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले तर कलम ६६ लागते: तीन वर्षांपर्यंत कारावास, किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मूळ कायद्यात कलम ६६ च्या शीर्षकात ‘हॅकिंग’ हा शब्दच होता. २००८ च्या दुरुस्तीने तो गेला. ‘संरक्षित’ म्हणून घोषित केलेल्या यंत्रणांबाबत कलम ७० आहे. तिथे प्रवेशाचा प्रयत्नसुद्धा गुन्हा ठरतो आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाते.

म्हणजे चांगला हेतू तुम्हाला कदाचित तुरुंगापासून वाचवील, पण कज्ज्यापासून वाचवीलच असे नाही. दोष दिसला तर कळवायची एक सरकारी जागा आहे, ‘सर्ट-इन’. पण आधी न विचारता आत डोकावणाऱ्याला अभय देणारे कलम या कायद्यात नाही. माझ्याबरोबर वर्गात बसणारी मुले विशीतली होती. कुणाच्या वडिलांनी शेतीच्या उत्पन्नातून फी भरली होती, कुणी नोकरी सांभाळून रात्री अभ्यास करत होते. प्रयोगशाळेत चालवलेली आज्ञा आणि आपल्याच कॉलेजच्या निकालाच्या संकेतस्थळावर चालवलेली आज्ञा अक्षरशः सारखीच असते. बदलतो तो फक्त पत्ता. शिक्षण आणि गुन्हा यांच्यातले अंतर एवढेच आहे, आणि हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगायला हवे.

मर्यादा

परवानगीलाही हद्द असते. कोणती यंत्रे तपासायची, कोणती वगळायची, कोणत्या तासांत, कोणत्या पद्धतींनी, आणि काही बिघडले तर कुणाला फोन करायचा, हे आधी कागदावर ठरते. या बाबतीत कौटिल्य आजच्या कंत्राटांइतकाच काटेकोर आहे. अमात्यांची निष्ठा तपासण्यासाठी त्याने धर्म, अर्थ, काम आणि भय अशा चार ‘उपधा’, म्हणजे आमिषाच्या किंवा धाकाच्या परीक्षा, सांगितल्या. पण त्याच प्रकरणात तो बजावतो, की या परीक्षांत राजाने स्वतःला किंवा राणीला लक्ष्य करू नये. आणि शुद्ध मन या खेळात एकदा बिघडले तर ते पुन्हा ताळ्यावर येईलच असे नाही.

२०२० च्या डिसेंबरात गोडॅडी या अमेरिकी कंपनीला याचा प्रत्यय आला. कर्मचारी फसव्या मेलला भुलतात का, हे पाहण्यासाठी तिने त्यांना ६५० डॉलरच्या सणाच्या बोनसचा खोटा मेल पाठवला. करोनाच्या वर्षात त्यावर सुमारे ५०० जणांनी क्लिक केले आणि बोनसऐवजी त्यांना परीक्षेत नापास झाल्याचा निरोप आला. संताप उसळला, कंपनीला माफी मागावी लागली. त्या चाचणीत तंत्र बिनचूक होते. चुकली ती मर्यादा.

प्रमाणपत्राचे मोल

ईसी-कौन्सिलची लेखी परीक्षा चार तासांची असून तिच्यात १२५ बहुपर्यायी प्रश्न असतात. प्रमाणपत्र तीन वर्षे टिकते. पुढे टिकवायचे तर शिकत राहिल्याचे पुरावे द्यावे लागतात. सहा तासांची प्रात्यक्षिक परीक्षा वेगळी आहे. ‘ओएससीपी’ या दुसऱ्या एका प्रमाणपत्राची परीक्षा २३ तास ४५ मिनिटांची. त्यानंतरच्या २४ तासांत तपासणीचा पूर्ण अहवाल लिहून द्यायचा असतो. हा अहवाल परीक्षेचाच भाग आहे, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. बहुपर्यायी प्रश्न माहिती तपासू शकतात. दोष सापडल्यावर माणूस तिथेच थांबतो की मोहाने आणखी एक दार उघडतो, हे त्यांतून कळत नाही. तसे अहवालातूनही पुरते कळत नाही, पण निदान विचारले तरी जाते.

चांगल्या अहवालात विजयाचा सूर नसतो. दोष कोणता, तो पुन्हा कसा दाखवता येईल, त्यातून किती हानी होऊ शकते आणि तो कसा बुजवावा, हे त्यात असते. तेही कार्यकारी अधिकारी आणि प्रोग्रॅम लिहिणारा अशा दोघांनाही समजेल अशा भाषेत. असे स्वच्छ लिहिता येणे ही या पेशातली मोठी पात्रता आहे आणि तिचा सराव तंत्राइतकाच करावा लागतो.

म्हणून मुलाला किंवा मुलीला अशा वर्गात घालू पाहणाऱ्यांनी फी भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. सरावाचे जाळे बाहेरच्या जगापासून तोडलेले आहे का? कायदा कोणत्या आठवड्यात शिकवता? आणि वर्ग संपेपर्यंत विद्यार्थी किती अहवाल लिहितो? ‘किती साधने शिकवता’ हे विचारण्याची गरज नाही. साधने फुकट मिळतात आणि दर वर्षी बदलतात.

अहवाल ज्याच्या हाती पडतो त्याचेही शिक्षण व्हायला हवे. बँक, नगरपालिका, रुग्णालय, विद्यापीठ, कुणीही असो. आपली वाट उघडी आहे असे सांगणाऱ्याचे आधी ऐकून घ्यायचे, मग वाट बंद करायची, हा क्रम जिथे अंगवळणी पडेल तिथेच या मुलांच्या विद्येचा उपयोग होईल. नाहीतर त्यांनी लिहिलेला कागद फाइलीत राहील आणि तीच वाट एखाद्या शनिवारी दुसऱ्या कुणाला सापडेल.