देवांचे शिंपी

सणाच्या दिवशीं सकाळीं मोबाईलवर शुभेच्छांचीं चित्रें येऊन पडतात, हें आतां कोणास सांगावयास नको. गेल्या कांहीं वर्षांत त्यांत एक नवा प्रकार दिसूं लागला आहे. संगणकास चार शब्द सांगावे आणि त्यानें चित्र काढून द्यावें अशी सोय झाल्यापासून देवादिकांचीं रूपें दर सणास बदलतात. अशाच एका चित्रांतील सरस्वतीचीं वीणेवरचीं बोटें आम्हीं मोजलीं, तीं एका हातास सहा भरलीं. आणि लुगड्याचा पदर खांद्यावरून निघून पुढें कोठें जातो याचा शोध करतां करतां आमचा चहा निवाला. घरांतील मुलें हंसलीं. परंतु आमच्या मनांत आलेला प्रश्न निराळाच होता. पदर चुकला हें खरें. पण सरस्वतीनें लुगडें नेसावें हें तरी प्रथम कोणीं ठरविलें?

पोथ्यांत पाहूं गेल्यास उत्तर मिळत नाहीं. ध्यानश्लोकांस रंगाची व आयुधांची काळजी फार. वस्त्र पांढरें कीं तांबडें, हात दोन कीं चार, कोणत्या हातांत काय, आसन कशाचें, वाहन कोणतें, हें सर्व ते बिनचूक सांगतात. वस्त्र किती हात लांब, निऱ्या कोठें, कासोटा आहे कीं नाहीं, अंगांत चोळी आहे कीं नाहीं, याविषयीं मात्र अक्षर नाहीं. लेणीं पाहावीं तर पंचाईत अधिकच. वेरूळच्या २१ व्या लेण्यापाशीं मकरावर उभी असलेली गंगा ज्यांनीं पाहिली असेल, त्यांस आम्ही काय म्हणतों तें कळेल. अंगावर अलंकार आहेत, शिवलेलें वस्त्र नाहीं. घडविणाऱ्यास त्यांत संकोच वाटला नाहीं आणि दर्शनास येणारांसही वाटला नसावा.

आपल्या भिंतीवरील देवींस लुगडें-चोळी चढविण्याचें काम, श्रेय म्हणा वा दोष म्हणा, बव्हंशीं एका चित्रकाराचें आहे. राजा रविवर्मा हे त्रावणकोरांतील किळिमानूरचे. जन्म १८४८ चा, मृत्यु १९०६ चा. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं त्यांस १४ पौराणिक चित्रें सांगितलीं, तेव्हां रविवर्मा व त्यांचे धाकटे बंधु राजराजवर्मा उत्तर हिंदुस्थानांत हिंडून आले. पुराणांतील स्त्रीपुरुषांस शोभेल असा वेष कोणता, हें पाहण्याचा हेतु होता. शोध लागण्यासारखा नव्हताच. प्रत्येक प्रांताचें नेसणें वेगळें, आणि प्रत्येकास आपलेंच सनातन वाटणार! शेवटीं त्यांनीं साडी पत्करली, आणि तिच्या अनेक तऱ्हांपैकीं आपल्याकडील नेसण्याचें वळण त्यांच्या पुष्कळ नायिकांत उतरलें.

हीं चित्रें राजवाड्यांतच राहिलीं असतीं तर तुमच्याआमच्या घरांशीं त्यांचा संबंध आला नसता. त्रावणकोर, इंदूर व बडोदें या तिन्ही संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव यांनीं चित्रकारास सुचविलें होतें कीं, निवडक चित्रें युरोपांत पाठवून छापून घ्यावीं, म्हणजे लोकांची मागणी पुरवितां येईल. रविवर्म्यांनीं पुढें स्वतःचा छापखानाच काढला, तो १८९४ सालीं मुंबईस. कांहीं वर्षांनीं तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. त्या छपाईची कृति आजच्या मुलांस सांगितली तर खोटी वाटेल. गुळगुळीत चुनखडीच्या शिळेवर तेलकट शाईनें चित्र काढावयाचें, मग शिळा पाण्यानें भिजवावयाची. पाणी कोऱ्या भागावर राहतें आणि छपाईची शाई तेवढी तेलकट जागेस धरते. हें झालें एका रंगाचें. गालावरील लाली, शालूचा किरमिजी, कमळाचा गुलाबी, तळ्याचा निळा, प्रत्येकास निराळी शिळा. आणि तोच कागद एकामागून एक सर्व शिळांवर नेमका त्याच जागीं बसवावयाचा. शिळा सुतभर सरकली कीं ओठांचा रंग हनुवटीवर गेलाच. ज्यांच्या घरीं जुन्या तसबिरी असतील त्यांनीं भिंग घेऊन अवश्य पाहाव्या. कित्येकींत पाकळीची हद्द सोडून बाहेर आलेला गुलाबी रंग सांपडेल. आम्हांस तो दोष गोड वाटतो.

या छापील कागदानें एक मोठी गोष्ट केली, तिचा उल्लेख आमच्यासारख्यांच्या घरांत फारसा होत नाहीं. ज्यांस देवळाची पायरी चढूं देत नसत, त्यांच्याही भिंतीवर देव जाऊन बसला. त्यास नेणारा पुजारी नव्हता, बाजारांतला तसबीरवाला होता. चित्रें उथळ आहेत, नाटकी आहेत, पाश्चात्य वळणाचीं आहेत, असे आक्षेप पुढील पिढीच्या चित्रकारांनीं पुष्कळ घेतले आणि ते सर्वच चुकीचे नाहींत. परंतु ते घेतांना ही गोष्ट जमेस धरली पाहिजे.

संस्कृत शिकविणारांचे आक्षेप निराळे. कालिदासाची शकुंतला वल्कल नेसते. प्रियंवदेनें तें फार आवळून बांधलें अशी पहिल्याच अंकांत तिची तक्रार आहे, आणि त्याच अंकाच्या शेवटीं पायांत दर्भाची सुई रुतल्याचें व वल्कल कुरबकाच्या फांदीस अडकल्याचें निमित्त करून ती रेंगाळते. रविवर्म्यांच्या सुप्रसिद्ध चित्रांत पायांतील कांटा काढण्याचें निमित्त आहे, मागें वळलेली मान आहे, सख्या आहेत. नाहीं तें वल्कल. सीतेची गोष्ट मात्र उलटी आहे. वनांत निघालेल्या सीतेस चांगल्या वस्त्रालंकारांत दाखविलें कीं पंडितंमन्य लोक हंसतात. त्यांनीं अयोध्याकांड पुन्हां वाचावें. कैकेयी वल्कलें पुढें करते, सीतेस तीं नेसतां येत नाहींत, राम स्वतः तिच्या रेशमी वस्त्रावरून वल्कल बांधूं लागतो, तेव्हां अंतःपुरांतील स्त्रियांस रडूं कोसळतें आणि वसिष्ठ कैकेयीची निर्भर्त्सना करतात. शेवटीं दशरथाच्या आज्ञेनें वर्षांचा हिशेब करून सीतेस वस्त्रें व भूषणें दिलीं जातात. पुढें अनसूया आणखी देते. रावण नेत असतां वानरांकडे उत्तरीयांत बांधून टाकलेले अलंकार तिच्या अंगावर आले कोठून, हें यावरून कळेल. चित्रकार येथें वाल्मीकीस सोडून गेले नाहींत.

देवींच्या वेषाचें पुढचें प्रकरण पडद्यावरचें. दादासाहेब फाळके यांनीं चित्रपटाकडे वळण्यापूर्वीं रविवर्म्यांच्या छापखान्यासाठीं काम केलें होतें, आणि त्यांच्या पडद्यावरील देवदेवता त्या तसबिरींतून उतरल्यासारख्या दिसतात यांत नवल नाहीं. ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन थिएटरांत 'राजा हरिश्चंद्र' लागला, त्यांतील तारामती होते अण्णा साळुंके. हॉटेलांत स्वयंपाकाचें काम करणारा हा तरुण फाळक्यांनीं हेरला, कारण कुलीन म्हणवणाऱ्या स्त्रिया तर नाहींतच, पण ज्यांस समाज तसें म्हणत नसे त्याही त्या वेळीं कॅमेऱ्यापुढें उभ्या राहावयास तयार नव्हत्या. १९१७ च्या 'लंकादहना'ंत राम तेच आणि सीताही तेच. मात्र पहिल्याच वर्षीं 'मोहिनी भस्मासुरां'त दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई या मायलेकी पडद्यावर आल्या, हें आम्ही येथें मुद्दाम नमूद करतों; त्यांस त्या धाडसाची किंमत समाजांत मोजावी लागली.

रंगभूमीवर तर गंमत याहून पुढें गेलेली. नारायणराव राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, यांनीं भामिनी, रुक्मिणी, सिंधू रंगविल्या, आणि त्यांचें नेसणें, केसांची ठेवण, गजरा माळण्याची रीत घरंदाज स्त्रियांनीं उचलली, असें त्या पिढीच्या बायका स्वतः सांगत. आतां हा प्रवास पाहा. स्त्रियांचें नेसणें चित्रकारानें पाहून देवीस दिलें; तसबिरींतील देवी नटांच्या डोळ्यांत भरली; पुरुष नटानें तें नेसणें असें कांहीं साधलें कीं स्त्रिया त्याच्याकडून शिकूं लागल्या. कोणाचें मूळ आणि कोणाची नक्कल, हें सोडविणें आमच्या बुद्धीबाहेरचें आहे. १९३८ च्या 'ब्रह्मचारी' चित्रपटांत मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोषाखांत दिसल्या तेव्हां केवढी खळबळ उडाली, तें वडील मंडळींच्या तोंडून आम्हीं ऐकलें आहे. ऐकतांना एवढेंच जाणवे कीं निषेध करणारांपैकीं चित्रपट न पाहिलेला मनुष्य विरळा.

विष्णुपंत पागनीस यांचें उदाहरण याहून विलक्षण. नाटकांत स्त्रीभूमिका करणारे हे नट १९३६ सालीं प्रभातच्या 'संत तुकारामां'त तुकोबा झाले, आणि तो चेहरा लोकांस इतका पटला कीं तुकोबांची म्हणून त्यांची छबी घरोघरीं चौकटींत बसली. पुढें रघुवीर मुळगांवकरांच्या कॅलेंडरांवरील देवदेवतांनीं तेंच स्थान मिळविलें. १९७५ च्या 'जय संतोषी मां' नंतर तर कित्येक घरांत पूर्वीं नांवही नसलेलें व्रत सुरू झालें, हें आमच्या डोळ्यांसमोरचें आहे.

देवीस वस्त्र चढविण्याचा आणखी एक प्रकार होता आणि तो बायकांचा स्वतःचा होता. तसबिरीची कांच काढून छापील लुगड्यावर खऱ्या जरीचा कांठ, टिकल्या, मखमलीचे तुकडे, बारीक मणि खळीनें चिकटवावयाचे किंवा सुईनें टांचावयाचे आणि पुन्हां कांच बसवावयाची. आमच्या घरीं अशी एक गजलक्ष्मी आहे. ती सजविली आमच्या वडिलांच्या आत्यांनीं. सारें घर त्यांस आत्याबाई म्हणे. नवव्या वर्षीं लग्न, अकराव्या वर्षीं वैधव्य, आणि मग १९७२ सालीं डोळे मिटेपर्यंत तांबडें आलवण. घरांतील कोणाचा शालू विरला कीं त्या कांठाची जर उसवून डब्यांत ठेवीत, आणि चातुर्मासांत दुपारची निजानीज झाली कीं तसबीर मांडीवर घेऊन ओसरीवर बसत. कोठली जर कोणाची, हें आमच्या आईस पाठ होतें. पदराची थोरल्या काकूंच्या लग्नांतील शालूची. खालच्या कांठाची आजीच्या पैठणीची. आणि गळ्याजवळची दोन बोटें रुंद पट्टी आत्याबाईंच्या स्वतःच्या लग्नांतील. ती त्यांनीं इतकीं वर्षें कोठें ठेविली होती, हें कोणीं विचारलें नाहीं.

दोन वर्षांपूर्वीं जुन्या वस्तूंचा एक व्यापारी घरीं येऊन गेला. चित्र चांगलें आहे, पण वरची जर काढून कागद साफ करून दिल्यास किंमत पुष्कळ अधिक येईल, असें तो म्हणाला. घराचें छप्पर तेव्हां गळत होतें. पुतण्या म्हणाला, "काका, मोल खालच्या चित्राला आहे. जर काय, बाजारांत हवी तेवढी मिळते. एक पावसाळा तरी सुखाचा जाईल." बोलणें व्यवहाराचें होतें आणि आम्हांस लगेच उत्तर सुचलें नाहीं. धाकट्या सूनबाई तेथेंच वाती वळीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मामंजी, जर काढली तरी सुईचीं भोकें कागदाला राहणारच. मग येथें कोणी तरी कांहीं टांचलें होतें एवढें कळेल. कोणीं, तें कळायचें नाहीं."

आमचें मत सूनबाईंकडे पडलें. रविवर्मा ज्या वस्त्रासाठीं उत्तर हिंदुस्थान हिंडले, त्याविषयीं पोथीनें जागा कोरीच ठेविली होती. त्या जागेंत त्यांनीं आपल्या पसंतीचें घातलें, नटांनीं आपल्या. आत्याबाईंचा अधिकार त्यांच्याहून उणा होता असें आम्हांस वाटत नाहीं. छपराचा खर्च आम्हीं तिघां भावांनीं वांटून घेतला. पुतण्याची नाराजी अद्याप पुरती गेलेली नाहीं, आणि ती अगदींच गैर आहे असेंही म्हणवत नाहीं, कारण वांटणीचा भार त्याच्या वडिलांवर अधिक पडला.

अशा तसबिरी ज्यांच्या घरीं असतील त्यांच्या उपयोगासाठीं थोडें लिहितों. तसबीर थेट उन्हाच्या कवडशांत किंवा ओल धरणाऱ्या भिंतीवर टांगूं नये. टांगल्यास मागें बुचाचे तुकडे लावून भिंतीपासून बोटभर अंतर ठेवावें. जुन्या चौकटींत मागें लांकडाची फळी असते, तिच्या आम्लानें कागद तपकिरी होतो. मध्यें आम्लरहित कागद घालावा. चिकटपट्टी कधींही लावूं नये. देवघरांतील धुरानें कांच काळवंडते, ती पुसतांना पाणी कांचेवर न टाकतां फडक्यावर घ्यावें, नाहीं तर तें चौकटीच्या सांदींतून आंत उतरतें. खळीच्या वासानें कसर लागते, म्हणून वर्षांतून एकदां मागची बाजू उघडून पाहावी. जरीकाम असेल तर कांच त्यास टेकूं देऊं नये. चौकटीच्या आंत चारी बाजूंस लांकडाची बारीक पट्टी बसविली म्हणजे झालें, कोणताही सुतार तें तासाभरांत करून देतो. आणि कोणाच्या वस्त्राची जर कोठें आहे हें माहीत असलेलें माणूस घरांत असेल, तर त्यास विचारून वेगळ्या कागदावर पेन्सिलीनें लिहून तो कागद चौकटीमागें ठेवावा.