माळवदाचे ओझे उतरवा

मराठवाड्यातले दगडमातीचे माळवदी घर उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार. दगड रानातला, माती गावची, खर्च बेताचा. मग ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात अशीच घरे माणसांवर का कोसळली? हजारो जीव गेले.

दोष दगडाचा नव्हे. रुंद भिंतीचे आतले-बाहेरचे पदर एकमेकांत गुंतवलेले नव्हते. हादऱ्याने ते सुटले. वर मातीचा भार. हिशेब करा : १० बाय १० फुटांची खोली, दीड फूट माती, घनफुटाला सुमारे ४५ किलो, म्हणजे डोक्यावर पावणेसात टन! लाकडी खांबांवर तोललेल्या काही घरांत मात्र भिंती पडूनही छत उभे राहिले.

सिमेंटच्या घराची ऐपत नसली तरी एवढे कराच. माळवद गळते म्हणून दरसाल माती वाढवू नका. खाली जाड प्लॅस्टिक अंथरून वीतभरच माती ठेवा. नव्या भिंतीत दर २ फूट उंचीला, ४ फुटांवर एक आरपार दगड घाला. कोपरे गुंफून घ्या. दार-खिडक्यांवरून चारही भिंतींवर सळईचा काँक्रीट पट्टा फिरवा.

आरपार दगड गवंड्याकडून समोर उभे राहून बसवून घ्या. गिलावा झाल्यावर तो दिसत नाही.