गाडीखालचा पत्रा

जीप सुरू केली की कधी कधी खालून खडखड ऐकू येते. पुष्कळांना वाटते, इंजिनच बिघडले. तसे नेहमी नसते. धुराच्या नळीवर एक पातळ पत्रा बसवलेला असतो. त्याचा बोल्ट गंजून सुटला की पत्रा नळीवर आपटत राहतो.

“काढून फेकून द्या,” असे सांगणारे भेटतात. आम्हांला ते पटत नाही. नळीतून इंजिनाचा तापलेला धूर जातो. नव्या गाड्यांत धूर शुद्ध करणारा डबा असतो, तो तर 400 अंशांच्याही वर तापतो. पाणी 100 अंशांना उकळते, यावरून ताडा! ती धग हा पत्रा अडवतो. पत्रा नसलेली तापलेली गाडी कडब्यावर उभी केली, तर कडबा पेटू शकतो. पत्रा असला तरी वाळल्या गवतावर गाडी लावू नयेच.

दुरुस्ती अवघड नाही. आधी नळी पुरती निवू द्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका, पक्के टेकू लावा. हातांत जाड मोजे घाला, कारण गंजलेली कड सुरीसारखी कापते. मग पत्रा हलवून पाहा. बोल्ट ढिला असेल तर पान्याने आवळा. भोक खाऊन मोठे झाले असेल तर रुंद वायसर घाला. बोल्टच तुटला असला, तर पत्रा आणि नळी मिळून स्टेनलेस स्टीलची मोठी क्लिप आवळा. सुतळी, रबर, प्लास्टिक मुळीच बांधू नका. ते जळते.

पत्र्याची चाळणच झाली असेल तर क्लिप तरी काय धरणार? मिस्त्रीकडून नवा बसवून घ्यावा.