अग्निशमन जवानांचा कर्करोग : पुराव्याचे ओझे कोणी वाहावे?

मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी झालेल्या स्फोटांत ६६ अग्निशमन जवान कामी आले. दरवर्षी त्याच दिवशी अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. आगीच्या जागीच प्राण गेलेल्या जवानाच्या कुटुंबास मृत्यूचे कारण सिद्ध करावे लागत नाही. परंतु जो जवान सुखरूप घरी परततो आणि वीस वर्षांनी मूत्राशयाच्या कर्करोगाने अंथरुणास खिळतो, त्याच्या पत्नीने ही व्याधी कोणत्या आगीतून आली हे कसे सांगावे? वैद्यकशास्त्रालाही ते सांगता येत नाही.

धुरात बेंझिन, फॉर्माल्डिहाइड, काजळी आणि जुन्या इमारतींतील ॲस्बेस्टॉस असते. यांपैकी काही द्रव्ये श्वासावाटेच नव्हे, तर त्वचेतूनही शरीरात जातात. काजळीने माखलेला गणवेश पुन्हा वापरला की संपर्क लांबतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये या व्यवसायास 'कदाचित कर्करोगकारक' म्हटले होते. २०२२ मध्ये मात्र 'कर्करोगकारक' अशा निःसंदिग्ध गटात घातले.

काही देशांच्या विधिमंडळांनी या अंतिम निर्णयाची वाट पाहिली नाही, हे आम्हांस विशेष उल्लेखनीय वाटते. कॅनडातील मॅनिटोबा प्रांताने २००२ मध्ये, तर ऑस्ट्रेलियाच्या संसदेने आपल्या केंद्रीय सेवेतील जवानांसाठी २०११ मध्ये कायदा केला. त्याचे सूत्र साधे आहे : ठरावीक वर्षे सेवा झालेली असल्यास यादीतील कर्करोग सेवेमुळेच झाला असे गृहीत धरावे, तसे नसल्यास ते मालकाने सिद्ध करावे. ऑस्ट्रेलियाच्या मूळ यादीत १२ प्रकार होते. मेंदूच्या व रक्ताच्या कर्करोगासाठी ५ वर्षांची, मूत्राशयाच्या कर्करोगासाठी १५ वर्षांची सेवा पुरेशी मानली गेली. पुढे यादी वाढत गेली. रुग्ण दगावल्यास भरपाईचा हक्क त्याच्यावर अवलंबून असलेल्यांकडे जातो. शोकाकुल घरास वर्षानुवर्षे कज्जा लढावा लागू नये, हाच यातील खरा आधार. रकमेचा विचार त्यानंतरचा.

अर्थात सेवेची वर्षे आणि निदान कागदोपत्री दाखवावीच लागतात. म्हणूनच रुग्णांच्या नातेवाइकांस आमची विनंती आहे की, रुग्णाचा व्यवसाय केवळ 'नोकरी' असा न सांगता कामाचे स्वरूप व सेवेची वर्षे यांसह केसपेपरवर नोंदवून घ्यावा. निदानाची तारीख असलेला पेशीतपासणीचा अहवाल आणि सेवापुस्तकाची प्रत एकत्र जपून ठेवावी. निवृत्त जवानांनी तर हे आवर्जून करावे, कारण ही व्याधी बहुधा गणवेश उतरविल्यानंतरच डोके वर काढते.