एकतर्फी निकालाविरुद्धच्या गोष्टी

आटपाट नगर होते, तेथे एक राजा होता. इथपर्यंत सर्वांची गोष्ट सारखीच. पुढे राक्षस कोणाला म्हणायचे आणि शेवटी कोणाला मारायचे, हे मात्र गोष्ट सांगणाराच ठरवतो. म्हणूनच जुन्या परीकथा दुसऱ्या बाजूने सांगणाऱ्या विचित्र कथा वाचकाला खिळवून ठेवतात. इंग्लंडच्या लेखिका अँजेला कार्टर यांनी १९७९ साली लाल टोपीवाल्या मुलीची गोष्ट अशीच नव्याने लिहिली. त्यांची मुलगी लांडग्यासमोर रडत नाही, हसते!

पण फुले-आंबेडकरी माणसाला याचे नवल का वाटावे? हे काम महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त करून ठेवले आहे. धोंडिबा प्रश्न विचारतो आणि जोतीराव एकेका अवताराची उलटतपासणी घेतात. वामनाने एका पावलात सारी पृथ्वी व्यापली, तर पायाखाली किती गावे चिरडली? दुसरे पाऊल आकाशात ठेवले, तर ताऱ्यांचे काय झाले? वाचताना हसू येते आणि हसता हसता भीती जाते. मग पाताळात गाडलेला बळी आपला राजा म्हणून उभा राहतो. आपल्या आयाबायांच्या तोंडी तो होताच : इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो!

आम्ही वकिली करतो. कोर्टात एकतर्फी हुकूम झाला, तर तो रद्द व्हावा म्हणून अर्ज करता येतो. शंबूक, एकलव्य, बळी यांच्याविरुद्ध शतकानुशतके एकतर्फी हुकूमच झाले. त्यांच्या बाजूने सांगितलेली कथा हा त्यांचा अर्ज होय. बाबासाहेबांनी 'रिडल्स'मध्ये अशीच तपासणी केली. १९८७ साली महाराष्ट्र शासनाने तो ग्रंथ प्रसिद्ध करताच केवढे वादळ उठले! नुसत्या प्रश्नांची एवढी धास्ती?

आमच्या भिवंडीत यंत्रमागाच्या खडखडाटात वाढणाऱ्या मुलांना आज गोष्टी कोण सांगतो? टीव्ही आणि मोबाईल. त्यातला राक्षस बहुधा काळाच असतो. मूल कधीतरी विचारते, 'तो काळाच का?' पाळी करून दमलेले आपण म्हणतो, 'गप्प झोप.' खटला आपण तेथेच हरतो.

एक इशारा आपल्याच माणसांना. नव्याने रचलेली गोष्ट म्हणजे इतिहासाचा पुरावा नव्हे. बळीच्या गोष्टीचीही आपण पोथी केली आणि तिला प्रश्न विचारायला बंदी घातली, तर आपण जुन्याच वाटेने चाललो आहोत. केवळ परंपरेने आले किंवा ग्रंथात आहे म्हणून काही मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. तो नियम आपल्या गोष्टींनाही लागू आहे.

तेव्हा रविवारी विहारात वंदना झाल्यावर पंधरा मिनिटे मुलांना द्या. वामनाची गोष्ट सांगा आणि एवढेच विचारा : बळीचा गुन्हा कोणता? उत्तर सांगण्याची घाई करू नका. मुलांना बोलू द्या. जयभीम!