विश्लेषण : मटार की वाटाणा? ब्रिटनच्या ‘मशी पीज’वरून इतके मतभेद का?

तळलेला मासा, बटाट्याचे जाड तळलेले काप आणि शेजारी छोट्या डबीत हिरवा, घट्ट लगदा. उत्तर इंग्लंडमधील फिश अँड चिप्सच्या दुकानातील हे नेहमीचे चित्र. या लगद्याला ‘मशी पीज’ म्हणतात. यॉर्कशायर, लँकेशायरमध्ये अनेकांना त्याच्यावाचून हे जेवण अपुरे वाटते. दुसरीकडे अनेकांना, त्यात बरेच ब्रिटिशही आले, तो पाहूनच खाण्याची इच्छा उरत नाही. ‘लहान बाळाचे खाणे’ ही त्यातल्या त्यात सौम्य टीका. वाटाण्यासारख्या साध्या गोष्टीवर मते इतकी टोकाची का?

मशी पीज नेमके कशाचे?

मंडईत शेंगांत मिळतो तो मटार आणि वाण्याकडे सुका मिळतो तो वाटाणा, हा फरक मराठी घरात समजावून सांगावा लागत नाही. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो. मशी पीज मटारचे नव्हेत, वाटाण्याचे. त्यासाठी ‘मॅरोफॅट’ नावाचा मोठ्या, पिठूळ दाण्याचा वाटाणा लागतो. त्याच्या शेंगा कोवळ्या तोडत नाहीत, शेतात वेलावरच वाळू देतात. काढणीच्या सुमारास पाऊस आणि ऊन आलटून पालटून लागले की दाण्याचा हिरवा रंग उडतो आणि भाव पडतो. इंग्लंडमध्ये पिकणारा हा वाटाणा जपानलाही निर्यात होतो. वसाबी लावलेले कुरकुरीत वाटाणे याच प्रकाराचे.

अलीकडे अनेक पब आणि रेस्टॉरंटमध्ये गोठवलेला मटार उकडून, लोणी आणि पुदिना घालून ठेचतात व त्यालाही मशी पीज म्हणतात. चवीला तो छान लागतो, पण पदार्थ वेगळा आहे. उसळ मागवावी आणि समोर मटार पॅटिसचे सारण यावे, तसे. ‘किती ताजे, गोड’ म्हणणारा आणि ‘किती पिठूळ’ म्हणणारा बऱ्याचदा दोन वेगळ्या पदार्थांविषयी बोलत असतात.

सोडा कशासाठी?

वाटाणे रात्रभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात भिजवतात. तिकडे सुक्या वाटाण्याच्या खोक्यात सोड्याच्या गोळ्याही मिळतात. सकाळी ते पाणी टाकून, दाणे धुऊन मंद आचेवर शिजवायचे. मीठ आणि थोडी साखर, बास. ठेचण्याची गरज पडत नाही, दाणे आपसूक फुटून लगदा होतो.

यामागे साधे रसायनशास्त्र आहे. वनस्पतीच्या पेशी पेक्टिन नावाच्या घटकाने एकमेकींना चिकटलेल्या असतात. पाण्यातील कॅल्शियम, मॅग्नेशियम हे पेक्टिन आणखी घट्ट बांधतात. बोअरच्या जड पाण्यात डाळ शिजता शिजत नाही, ती याच कारणाने. सोड्याने पाणी अल्कधर्मी होते, पेक्टिन सुटू लागते आणि सालही मऊ पडते. रगड्याचे पांढरे वाटाणे भिजवताना आपल्याकडेही चिमूटभर सोडा घालतात तो यासाठीच. त्याची किंमतही मोजावी लागते. बी-१ जीवनसत्त्व अल्कधर्मी पाण्यात फारसे टिकत नाही आणि सोडा जास्त झाला की चव साबणासारखी होते.

तो भडक हिरवा रंग कुठून येतो?

घरी शिजवलेले मशी पीज फिकट, काहीसे राखाडीकडे झुकणारे हिरवे दिसतात. डबाबंद मशी पीजचा झगझगीत हिरवा रंग मात्र वर्षानुवर्षे कृत्रिम रंगांतून येत असे. त्यात टार्ट्राझिन हा पिवळा रंग प्रमुख. २००७ मध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या अभ्यासात अशा काही रंगांच्या मिश्रणाचा मुलांच्या अतिचंचलपणाशी संबंध दिसला. त्यानंतर २०१० पासून युरोपीय संघाने टार्ट्राझिनसह सहा रंगांसाठी वेष्टनावर इशारा छापणे बंधनकारक केले. मशी पीजविषयीची किळस बऱ्याच अंशी या डब्याविषयीची आहे, असे म्हणायला जागा आहे. दोष वाटाण्याला लागला.

उत्तर-दक्षिण वादाचा काय संबंध?

फिश अँड चिप्सचे पहिले दुकान लंडनमध्ये जोसेफ मालिन यांचे की लँकेशायरमधील मॉसलीत १८६३ मध्ये जॉन लीस यांनी सुरू केलेले, यावरही एकमत नाही. पदार्थ फोफावला तो मात्र गिरणी कामगारांच्या वस्त्यांत. सुका वाटाणा स्वस्त, वर्षभर टिकणारा आणि पोट भरणारा. म्हणून तो कामगारांचा आणि उत्तरेचा पदार्थ ठरला.

मजूर पक्षाचे नेते पीटर मँडेलसन हार्टलपूलमधील दुकानात मशी पीजला मेक्सिकन ग्वाकामोली समजले, हा किस्सा ब्रिटनमध्ये अनेक वर्षे सांगितला जातो. तो खरा नसल्याचेही तितक्याच वेळा सांगून झाले आहे. तरी तो मरत नाही, कारण लंडनच्या उच्चभ्रूंना कामगारांचे जेवण ओळखता येत नाही, ही उत्तरेतील जुनी तक्रार त्यात नेमकी बसते.

खुद्द मशी पीज आवडीने खाणाऱ्यांतही एकवाक्यता नाही. नॉटिंगहॅमच्या गूज फेअर जत्रेत मशी पीजवर व्हिनेगरमधली पुदिन्याची चटणी हवीच. यॉर्कशायरमध्ये पायसोबत मशी पीज खातात. विगनमध्ये चिप्सवर ‘पी वेट’ घेतात, म्हणजे शिजलेल्या वाटाण्यावरचे पाणी. आपण कटाची आमटी करतो, त्यातला हा वाटाण्याचा कट. मशी पीजचा गोळा पिठात बुडवून तळला की ‘पी फ्रिटर’ तयार. आपल्या बटाटेवड्याचा लांबचा भाऊ.

शाकाहारींनी काय पाहावे?

लीड्स, शेफील्डला शिकायला जाणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना ‘चिप्स आणि मशी पीज’ हा स्वस्त शाकाहारी पर्याय सहज सुचतो. मशी पीजमध्ये बहुधा वाटाणे, पाणी, मीठ, साखर इतकेच असते. अडचण चिप्सची आहे. यॉर्कशायरमध्ये आणि उत्तरेत इतरत्रही अनेक दुकाने आजही ‘बीफ ड्रिपिंग’मध्ये, म्हणजे गोमांसाच्या चरबीत तळण काढतात. पी फ्रिटरही बऱ्याचदा त्याच कढईतून निघतो. ब्रिटनमध्ये ॲलर्जीच्या ज्या १४ घटकांची माहिती ग्राहकाला देणे दुकानदारावर बंधनकारक आहे, त्यांत गोमांस नाही. त्यामुळे फलकावर उल्लेख नाही म्हणजे तेलच वापरले आहे, असे धरून चालू नये. ‘कशात तळता?’ हे काउंटरवर सरळ विचारावे. असा प्रश्न तिथे रोजचा आहे.