दुर्मीळ क्रीडा-कार्ड आणि प्रतवारीचा हिशेब

अमेरिकेत खेळाडूंची छापील कार्डे जमवण्याचा छंद जुना असला, तरी त्रयस्थ संस्थेकडून त्यांची प्रतवारी करून घेण्याची पद्धत रुजली ती 1991 मध्ये पीएसए ही कंपनी स्थापन झाल्यानंतर. प्रतवारी म्हणजे कार्डाचा अस्सलपणा तपासून, त्याचे कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चारही बाजूंच्या समासांचा समतोल पाहून 1 ते 10 यांपैकी अंक देणे व ते मोहोरबंद प्लास्टिकमध्ये ठेवणे.

फ्लीअर कंपनीचे 1986 सालचे मायकेल जॉर्डनचे कार्ड या दृष्टीने बोलके आहे. त्याच्या रंगीत किनारीवरचा रंग किंचित जरी उडाला, तरी खालचा पांढरा कागद डोळ्यांत भरतो; म्हणूनच जानेवारी 2021 मध्ये 10 अंकांची प्रत 7,38,000 डॉलरला गेली, तर 9 अंकांच्या प्रतींना त्याचा लहानसा अंशच मिळत असे. त्यामुळे मालकाने भिंगाखाली कार्ड निरखून, अपेक्षेपेक्षा एक अंक कमीच मिळेल असे धरून, शुल्क, टपाल आणि विम्याचा खर्च त्या अंकाच्या किमतीतून वजा करून पाहावा. अर्थात या कार्डाच्या नकला उदंड असल्याने, विकायचे असेल तर मध्यम अंकही उपयोगी पडतो, कारण तेथे ग्राहक मुख्यतः खात्रीचे पैसे मोजतो.

कडा कापलेल्या कार्डाला मात्र सहसा अंक मिळत नाही. सहसा म्हणायचे, कारण पीएसएने 8 अंक दिलेले बेसबॉलपटू होनस वॅग्नरचे प्रसिद्ध कार्ड आपणच कापले होते, अशी कबुली लिलावदार बिल मॅस्ट्रो यांनी 2013 मध्ये न्यायालयात दिली.